जत्रेतलं नाटक, यूट्यूबवरचा दावा आणि मंडळातले दोन तट

पत्र: आमचं फोंडा तालुक्यातलं हौशी नाट्यमंडळ. यंदाच्या जत्रेला पालखी देवळात परतल्यावर आम्ही ‘संगीत मानापमान’ केलं. तिकीट नव्हतं. व्हिडिओवाल्याला 9,000 रुपये देऊन अख्खा प्रयोग चित्रित करून घेतला आणि मंडळाच्या यूट्यूब चॅनेलवर चढवला. चार दिवसांत एका संगीत कंपनीचा कॉपीराइटचा दावा आला, 1:12:08 ते 1:13:31 या भागावर. प्रवेश बदलताना आम्ही मोबाइलवरून थोडी सतार लावली होती, बाकी सगळं प्रत्यक्ष गायलेलं. आता मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो, नाटक 1911 चं, शंभर वर्षं उलटली, कॉपीराइट कसला? दुसरा म्हणतो, आजच काढा, नाहीतर तीन वर्षं तुरुंग. वकिली शिकणारा एक मुलगा सांगतो, धार्मिक कार्यक्रमाला सगळं माफ आहे. त्यात व्हिडिओवाल्याने तोच प्रयोग स्वतःच्या चॅनेलवरही टाकलाय आणि भामिनीचं काम करणारी मुलगी म्हणते, मला न विचारता चढवलात. पुढच्या वर्षी ‘कट्यार काळजात घुसली’ करायचं मनात आहे. काय करावं? — सचिव

सप्रेम नमस्कार.

सगळ्यात आधी व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ करा. डिलीट करू नका. प्रायव्हेट केल्याने तो लोकांना दिसणार नाही, पण दुवा, प्रेक्षकसंख्या, खालच्या प्रतिक्रिया जागेवर राहतील आणि पुढचं शांतपणे करता येईल. दाव्याला आव्हान देण्याचं बटण मात्र अजून दाबू नका.

दावा आणि ‘स्ट्राइक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मी घबराट त्या एकच समजण्यातून येते. तुम्हाला आलाय तो कंटेंट आयडीचा दावा. कंपन्यांनी आपली ध्वनिमुद्रणं यूट्यूबकडे आधीच नोंदवलेली असतात. तुम्ही चढवलेला आवाज यंत्र त्यांच्याशी ताडून बघतं आणि जुळलं की दावा आपोआप लागतो. परिणाम एवढाच की त्या व्हिडिओवरच्या जाहिरातींचे पैसे कंपनीला जातात, किंवा तो काही देशांत वा सगळीकडे अडवला जातो. चॅनेलला डाग लागत नाही. स्ट्राइक लागतो तो कुणी व्हिडिओ हटवण्याची रीतसर विनंती केली आणि यूट्यूबने ती मानली तर. 90 दिवसांत असे तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं.

आता तुम्ही दिलेली वेळ बघा. 1:12:08 ते 1:13:31 म्हणजे 83 सेकंद. जत्रेत रंगलेलं नाट्यपद 83 सेकंदांत आटपत नाही. ताना, पुन्हा ध्रुपद, एखादा वन्समोअर धरला तर सहा-सात मिनिटं सहज जातात. 83 सेकंद हा पडदा पाडून बैठक हलवायचा वेळ आहे. तेव्हा यंत्राला सापडलंय ते पद नसून मोबाइलवरची सतार, असा माझा दाट संशय आहे. कानाला हेडफोन लावून तेवढा भाग ऐका. मग यूट्यूब स्टुडिओत ‘कंटेंट’मध्ये जाऊन त्या व्हिडिओसमोर ‘कॉपीराइट’ असं दिसतं त्यावर टिचकी मारा. तपशिलात कुठल्या ध्वनिमुद्रणाशी जुळलं त्याचं नाव दिलेलं असतं. ते सतारीच्या तुकड्याचं निघालं तर दावा बरोबर आहे. 1911 चा मुद्दा त्याला लागूच होत नाही, कारण ती सतार 1911 ची नाही.

तसं असेल तर तिथेच तीन पर्याय मिळतात: तेवढा भाग कापणं, तिथला आवाज बंद करणं, किंवा यूट्यूबच्या मोफत संग्रहातलं दुसरं संगीत घालणं. आवाज बंद करणं सगळ्यात सोपं. त्यातही फक्त गाणं काढून बाकी आवाज ठेवायची सोय आहे, पण सभामंडपात स्पीकरमधून वाजून पुन्हा माइकमध्ये शिरलेला आवाज त्याने नीट सुटत नाही. पडद्याच्या वेळी ऐकण्यासारखं काही नसतं, तेव्हा त्या 83 सेकंदांचा सगळाच आवाज बंद करा. साडेतीन-चार तासांच्या व्हिडिओला ही प्रक्रिया संपायला काही तास लागतात. एका रात्रीत झालं नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटणं दाबू नका. मूळ फाइल हार्ड डिस्कवर जशीच्या तशी राहू द्या.

आणि समजा दावा खरोखरच एखाद्या पदावर निघाला? नाट्यपदांच्या बाबतीत असंही होतं: तीच चाल, तीच पट्टी, तोच ऑर्गन-तबला, मग यंत्र फसतं. तेव्हा मात्र आव्हान द्यायचं. कारणांच्या यादीतून ‘पब्लिक डोमेन’ (म्हणजे हक्कांची मुदत संपलेली कृती) निवडा आणि चार वाक्यं इंग्रजीत लिहा: पदाचा लेखक कोण, कधी वारला, संगीतकार कोण, कधी वारला, भारतात दोघांच्या हक्कांची मुदत कधी संपली, आणि या वेळेत ऐकू येणारा आवाज आमच्याच कलाकारांचा आहे, तुमच्या ध्वनिमुद्रणाचा एकही सेकंद त्यात नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण कंपनीचा हक्क तिच्या ध्वनिमुद्रणावर आहे. ‘आम्ही नफा कमावत नाही’, ‘श्रेय दिलं आहे’, ‘हेतू वाईट नव्हता’ हे लिहू नका, त्याने दाव्याचं उत्तर होत नाही. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ हेही नको. भारतीय कायद्यात सेकंदांची अशी कुठलीच सूट नाही.

कंपनीला उत्तरासाठी 30 दिवस असतात. ती गप्प राहिली तर दावा सुटतो. तिने नाकारलं तर अपील करता येतं, त्याला 7 दिवस. अपीलही तिला मान्य नसेल तर ती व्हिडिओ हटवण्याची विनंती करू शकते आणि तिथे स्ट्राइकचा धोका सुरू होतो. दावा सतारीवर निघाला तर आव्हान देऊ नका असं म्हणतो ते यासाठी. जिथे आपली बाजू पक्की आहे तिथे शेवटपर्यंत जा, जिथे नाही तिथे 83 सेकंद सोडून द्या.

आता मंडळातल्या वादाकडे. दोन्ही तट ‘कॉपीराइट आहे की नाही’ यावर भांडताहेत आणि त्या प्रश्नाला उत्तरच नाही. एका प्रयोगाच्या चित्रीकरणात निदान पाच-सहा वेगवेगळे हक्क एकावर एक बसलेले असतात आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. कागद घेऊन ते एकाखाली एक लिहा, वाद निम्मा तिथेच मिटेल.

शब्द: कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 22 प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 1948 मध्ये वारले, म्हणजे मुदत 31 डिसेंबर 2008 ला संपली. नाटक 1911 चं आहे याला इथे काही अर्थ नाही. खाडिलकर 1970 पर्यंत जगले असते तर तेच 1911 चं नाटक 2030 अखेरपर्यंत बंधनात राहिलं असतं. तुमचा पहिला तट बरोबर उत्तरावर चुकीच्या वाटेने पोचलाय, आणि याच वाटेने पुढच्या नाटकाला तो खड्ड्यात जाईल.

चाल: हा शब्दांपासून वेगळा हक्क. ‘मानापमान’च्या पदांना संगीत गोविंदराव टेंबे यांचं. ते 1955 मध्ये वारले, त्यांची मुदत 2015 अखेर संपली. म्हणजे 2010 मध्ये हा प्रयोग झाला असता तर शब्द मोकळे आणि चाल बांधलेली, अशी स्थिती होती. 2025 मध्ये आलेल्या चित्रपटातली नवी गाणी मात्र नव्या संगीतकारांची आहेत. तुमच्या एखाद्या गायकाने त्यातलं काही उचललं असेल तर ते मोकळं नाही.

रंगावृत्ती: इथे बहुतेक मंडळं अडखळतात. मूळ नाटक अख्खं केलं तर पहाट होते, म्हणून सगळेच कापलेली संहिता वापरतात. ती कापली कुणी? तुमच्याच दिग्दर्शकाने मूळ पुस्तकावरून कापली असेल तर प्रश्न नाही. पण एखाद्या हयात किंवा अलीकडे वारलेल्या दिग्दर्शकाने नवे संवाद घालून, प्रवेश जोडून तयार केलेली रंगावृत्ती झेरॉक्स करून वापरली असेल, तर त्या नव्या भागावर त्याचा हक्क आहे. झेरॉक्सच्या पहिल्या पानावर कुणाचं नाव आहे ते आजच बघा.

ध्वनिमुद्रण: प्रकाशनानंतरच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं. 1960 मध्ये निघालेली तबकडी 2020 अखेर मोकळी झाली. तुमच्या मोबाइलवरची सतार बहुधा त्यानंतरची.

कलाकारांचे हक्क आणि खुद्द चित्रीकरणाचा हक्क उरले. त्यांच्याकडे येतोच.

तुरुंगाचं काय? दुसरा तट हवेत बोलत नाही. कलम 63 खाली किमान 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलंय. पण कलमात सुरुवातीलाच ‘जाणूनबुजून’ असा शब्द आहे, आणि कृत्य व्यापारी नफ्यासाठी नसेल तर कारणं नोंदवून किमान शिक्षेच्या खाली येण्याची मुभा न्यायालयाला दिलेली आहे. 83 सेकंदांची सतार वाजली आणि कळल्याबरोबर काढली, यावर तुरुंगाची भाषा करून सभासदांना घाबरवू नये. कळल्यावरही मुद्दाम ठेवली तर गोष्ट वेगळी.

वकिली शिकणाऱ्या मुलाचा मुद्दा मात्र सगळ्यात विचार करण्यासारखा आहे. त्याच्या मनात कलम 52(1) चा ‘झेडए’ खंड असणार. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात किंवा सरकारी समारंभात नाटक-संगीत सादर केलं, ध्वनिमुद्रण वाजवलं तर तो भंग नाही, असं तो खंड सांगतो, आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ त्यात धरलेत. पालखीबरोबरचं वाजंत्री, आरती, भजन यात निःसंशय बसतं. पालखी आत गेल्यावर रात्री अकराला पडदा वर गेला, ते नाटक ‘विधीच्या ओघात’ आहे का? जत्रा आणि नाटक गोव्यात वेगळं काढता येत नाही हे आपल्याला पटतं, न्यायालयाला पटवावं लागेल. या खंडावर फार भार टाकू नये, याचं ताजं कारण आपल्याच राज्यातलं आहे. कॉपीराइटचं काम बघणाऱ्या केंद्राच्या खात्याने जुलै 2023 मध्ये लग्नांतल्या संगीताबद्दल सार्वजनिक सूचना काढली, त्यामागोमाग गोवा सरकारने 30 जानेवारी 2024 ला परिपत्रक काढलं की लग्नसमारंभांतल्या संगीतासाठी हॉटेलांनी किंवा कॉपीराइट संस्थांनी परवानगीचा वा पैशांचा आग्रह धरू नये. ध्वनिमुद्रण कंपन्यांची बाजू न्यायालयात गेली आणि 13 ऑगस्ट 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. कायद्यातली सूट प्रशासकीय परिपत्रकाने रुंदावता येत नाही, प्रत्येक प्रसंग कायद्याच्या शब्दांत बसतो का हे बघावं लागतं, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

त्या वकिली शिकणाऱ्या मुलाला सांगा, त्याच कलमात थोडं वर ‘एल’ खंड आहे, तो वाच. तो जणू जत्रेच्या नाटकासाठीच लिहिलाय: हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांपुढे, किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी, नाटक वा संगीत सादर केलं तर तो भंग नाही. मधला ‘किंवा’ लक्षात घ्या. देवस्थानच्या जीर्णोद्धारासाठी देणगीपत्रिका काढल्या तरी सूट टिकते. ‘हौशी’ची व्याख्या कायद्यात नाही. ऑर्गनवाल्याला मानधन दिल्याने मंडळ धंदेवाईक होत नाही असं मी म्हणेन, पण अख्खा संच नाइटवर, म्हणजे प्रयोगामागे पैसे ठरवून, बोलावला असेल तर या खंडाचं नाव घेऊ नका.

पण हा खंड मांडवापुरताच आहे. तो ‘सादर करणं’ मोकळं करतो, चित्रीकरण करून जगभर दाखवणं नाही. प्रयोग निर्धोक, चढवणं धोक्याचं, असं एकाच नाटकाबाबत एकाच वेळी खरं असू शकतं. तुमच्या दोन तटांतला अर्धा वाद इथेच अडकलाय: एक जण मांडवाबद्दल बोलतोय, दुसरा यूट्यूबबद्दल. शिवाय ‘एल’ खंडात ध्वनिमुद्रणाचा उल्लेख नाही, म्हणून मोबाइलवरची सतार त्याच्या आडोशाला येत नाही. पुढच्या वेळी प्रवेश बदलताना ऑर्गनवाल्यालाच दोन मिनिटं एखादा राग वाजवायला सांगा. पूर्वी तसंच होतं, आणि कानाला बरंही लागतं.

व्हिडिओवाल्याबाबत तुमची बाजू भक्कम आहे. कलम 17 प्रमाणे कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन चित्रीकरण केलं, तर उलट करार नसल्यास पहिला मालक पैसे देणारा. 9,000 रुपयांची पावती किंवा पैसे पाठवल्याची नोंद शोधा, आणि त्याच्या बिलावर, संदेशात ‘चित्रीकरण आमच्या चॅनेलवर वापरू’ अशी ओळ नाही ना तेही बघा. नसेल तर आधी फोन करा, मग सात दिवसांत काढण्याचा लेखी संदेश पाठवा. तरीही ऐकलं नाही तर यूट्यूबकडे हटवण्याची विनंती करता येते. त्या अर्जात लगेच हटवण्याऐवजी 7 दिवसांची मुदत देण्याचा पर्याय असतो, तो निवडा. त्याच्या पोटापाण्याचं चॅनेल आहे, स्ट्राइक ही साधी गोष्ट नाही. कामाचा नमुना म्हणून दोन मिनिटांचा तुकडा ठेवू द्यायला हरकत नसावी, तसं लिहून द्या. कुठे नोंदणी केलेली नाही म्हणून तुमचा हक्क कमी होत नाही. कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो.

मात्र मंडळ चित्रीकरणाचं मालक आहे म्हणून भामिनीचा आवाज बंद होत नाही. 1994 च्या दुरुस्तीपासून कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क आहे, आज त्याची मुदत 50 वर्षं आहे, आणि कलम 38ए प्रमाणे ते ध्वनिचित्रमुद्रित करणं व लोकांपर्यंत पोचवणं त्याच्याच हातात आहे. कॅमेरा समोर होता, तिला दिसत होता, म्हणून चित्रीकरणाला मूक संमती होती असं म्हणता येईल. जगाला दाखवायलाही होती, हे त्यातून निघत नाही. तिची तक्रार खरी आहे आणि मंडळाने आधी तसं स्पष्ट म्हणावं. मग तिला नेमकं काय खुपतंय ते विचारा. अनेकदा अख्खं नाटक नको असतं असं नाही, घसा बसलेलं एक पद किंवा खालच्या घाणेरड्या प्रतिक्रिया नको असतात. पद कापता येतं, प्रतिक्रिया बंद करता येतात. आणि ती नाहीच म्हणाली तर व्हिडिओ प्रायव्हेटच राहू द्या. पुढल्या वर्षी पहिल्या तालमीलाच सगळ्यांकडून, ऑर्गन-तबलेवाल्यांसकट, एका पानावर सह्या घ्या. मुलं असतील तर पालकांच्या.

‘कट्यार’चं सांगतो. नाटक 1967 चं, म्हणून पहिला तट पुन्हा म्हणेल, जुनं आहे. पुरुषोत्तम दारव्हेकर 1999 मध्ये वारले: शब्द 2059 अखेरपर्यंत बंधनात. आपल्या मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी 1998 मध्ये गेले: चाली 2058 अखेरपर्यंत. जत्रेत हौशी म्हणून, विनातिकीट करायला ‘एल’ खंड तुमच्या बाजूने आहे, तरी परवानगी घ्यावी असंच माझं मत, कारण तुम्ही चित्रीकरण करणार आणि चढवणारच. लेखकाच्या आणि संगीतकाराच्या वारसांकडे, किंवा त्यांनी हक्क ज्यांना दिलेत त्यांच्याकडे, दोन वेगळी पत्रं जायला हवीत. एकाच्या होकारात दुसऱ्याचा होकार येत नाही.

पत्रात प्रयोगाची तारीख, स्थळ, तिकीट आहे की नाही, किती प्रयोग, काय कापणार, आणि चित्रीकरण कुठे दाखवणार हे लिहा. तोंडी ‘करा हो, खुशाल करा’ यावर थांबू नका, परवाना लेखी लागतो. आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट नसतील तर कायदाच त्या भरतो: मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. यूट्यूब भारतात थांबत नाही, तेव्हा ‘संपूर्ण जग’ आणि किती वर्षं ते आठवणीने घाला. चतुर्थीच्या आधी पत्रं पाठवा, म्हणजे जत्रेपर्यंत उत्तराला आणि मानधनाच्या बोलणीला वेळ मिळेल. लेखी परवानगी हातात पडेपर्यंत भूमिका वाटू नका.